खोक्यातल्या खेळण्यांची परीक्षा : सरासरी नको, गुणाकार करा!

'स्टार वॉर्स' ऐकलेलं नाही असा माणूस आपल्या हॉस्टेलवर सापडणं कठीण. पण त्या सिनेमाच्या खेळण्यांची तपासणी हा अभ्यासाचा विषय आहे असं म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा, पण लेख वाचून मग हसा. क्वालिटी कंट्रोलमध्ये आपण जे परीक्षेपुरतं पाठ करतो, तेच संग्राहक मंडळी इथे स्वतःच्या खिशातले पैसे लावून करतात.

आधी उदाहरण ठरवू. 'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. खेळण्यांचे हक्क सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे होते. सिनेमा तुफान चालला, पण साचे तयार व्हायला वेळ लागणार आणि नाताळ तर तोंडावर. मग केनरने काय करावं? चक्क बाहुल्यांशिवायचं पाकीट विकलं! 'अर्ली बर्ड' नावाच्या या पाकिटात पुठ्ठ्याचा देखावा, स्टिकर, क्लबचं कार्ड आणि एक प्रमाणपत्र होतं. प्रमाणपत्र पोस्टाने पाठवायचं, की १९७८ मध्ये पांढऱ्या खोक्यातून चार फिगर घरी यायच्या : ल्यूक, लिया, चुबाका आणि आर-टू डी-टू. ल्यूकची उंची जेमतेम पावणेचार इंच. पुढे १९८२ पासूनचे 'जी. आय. जो' याच मापाचे निघाले. फनस्कूलने आपल्याकडे विकलेले ते हेच.

आता असा सेट तुमच्यासमोर ठेवला, तर कसा तपासाल? प्रश्न तीन आहेत आणि ते वेगवेगळे ठेवायचे.

१. अस्सल आहे का?
पायाच्या मागे बारीक अक्षरांत १९७७ साल आणि 'जी.एम.एफ.जी.आय.' असा शिक्का असतो. केनर त्या वेळी जनरल मिल्स या कंपनीची होती, तिच्या खेळणी विभागाची ही आद्याक्षरं. पण नुसत्या शिक्क्यावर भागत नाही. बाहुली अस्सल आणि हातातलं शस्त्र मात्र नकली, हा प्रकार फार. अस्सल तुकड्यावरून रबरी साचा काढून ओतकाम केलं की माल थंड होताना आकसतो, कडा बोथट होतात. इथे आपला व्हर्नियर आणि भिंग कामाला येतं. मात्र ताडून पाहायला खात्रीचा अस्सल नमुना हवाच. शिवाय २००५ मध्ये हॅस्ब्रोने याच सेटची नवी आवृत्ती काढली होती. ती नकली नव्हे, पण १९७८ चीही नव्हे.

२. पूर्ण आहे का?
ल्यूकची पिवळी तलवार, लियाचा पांढरा व्हिनाइलचा झगा आणि पिस्तूल, चुबाकाचं धनुष्यासारखं शस्त्र. आर-टूजवळ काहीच नसतं. याशिवाय आतला प्लास्टिकचा ट्रे, बाहुल्या उभ्या करायच्या खुंट्या आणि पांढरं खोकं. सुरुवातीच्या काही ल्यूकच्या तलवारीतून आणखी एक बारीक काडी बाहेर यायची. ती रचना लवकरच बदलली, म्हणून तसे नग थोडे. आणि म्हणूनच त्या काडीच्या नकला जास्त!

३. अवस्था कशी आहे?
पांढरं प्लास्टिक उन्हाने आणि वयाने पिवळं पडतं. मऊ पीव्हीसीतला प्लास्टिसायझर पृष्ठभागावर आला की हाताला चिकट लागतं. आर-टूच्या डोक्याचा चकचकीत मुलामा घासला जातो, अंगावरचा स्टिकर सुटतो. सांधे सैल झाले की फिगर उभी राहत नाही.

तिन्हींना शंभरपैकी गुण देऊन सरासरी काढली तर? समजा अस्सलपणा ०, पूर्णता १००, अवस्था ९०. सरासरी ६३, म्हणजे फर्स्ट क्लास! नकली मालाला फर्स्ट क्लास? म्हणून इथे गुणाकार हवा, तोही एकेका नगाचा. एक अवयव शून्य, की उत्तर शून्य. तलवार नकली निघाली तर तिची किंमत शून्य धरायची आणि सेट 'अपूर्ण' लिहायचा. ल्यूक मात्र अस्सलच राहतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर पूर्णतेला एटीकेटी आहे. हरवलेलं पिस्तूल पुढेमागे मिळू शकतं. अस्सलपणाला एटीकेटी नाही. आणि अवस्थेला फेरपरीक्षा नाही. पेरॉक्साइड लावून पिवळेपणा घालवता येतो, पण मग ती जशीच्या तशी टिकलेली वस्तू राहत नाही, दुरुस्त केलेली वस्तू होते.

खरी पंचाईत बंद खोक्याची. उघडलं तर किंमत उतरते, न उघडलं तर आत काय ते दिसत नाही. म्हणजे हा नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगचाच प्रश्न. चिकटपट्टी जुनीच आहे का, ती कुठे दुसऱ्यांदा लावली आहे का, एवढं बाहेरून पाहता येतं. अमेरिकेत 'अ‍ॅक्शन फिगर ऑथॉरिटी' नावाची संस्था शंभरपैकी गुण देऊन वस्तू अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत बंद करून देते. पण गुण म्हणजे निष्कर्ष. 'कशावरून' हा प्रश्न आपण विचारायचाच.

शेवटी अहवाल. चार ठिकाणांहून चार अस्सल फिगर जमवून खोक्यात मांडल्या, तर प्रत्येक नग खरा, पण 'मूळ सेट' हे विधान खोटं. ते खोटेपण व्हर्नियरला सापडत नाही, ते लिहिणाऱ्यालाच माहीत असतं. म्हणून काय बदललं, काय धुतलं, काय तपासता आलं नाही, हे सगळं लिहायचं. तुमचा कागद वाचून पुढचा माणूस पैसे मोजणार असतो. खेळणं असो नाहीतर बॉयलर, सही करणाऱ्याची जबाबदारी तीच. बघा, पटतंय का!