इऑन मोठा की इरा?

प्रश्न : ‘एज’, ‘इपॉक’, ‘इरा’, ‘इऑन’ हे इंग्रजी शब्द दीर्घ काळासाठीच येतात. मग त्यांत फरक काय?

उत्तर : बोलण्यात फारसा नाही. ‘फॉर एजेस’ म्हणजे नुसतं ‘कित्येक दिवसांत’. भूशास्त्रात मात्र उतरंड पक्की आहे : सर्वांत मोठा इऑन, मग इरा, पीरियड, इपॉक आणि शेवटी एज. सध्याचा फॅनेरोझोइक इऑन सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला, तर होलोसीन इपॉक अवघ्या ११,७०० वर्षांपूर्वी. त्यातल्या चालू एजचं नाव आहे ‘मेघालयन’! मेघालयातल्या मावम्लुह गुहेतील चुन्याच्या स्तंभात ४,२०० वर्षांपूर्वीच्या दुष्काळाच्या खुणा सापडल्या. त्यावरून २०१८मध्ये ते मान्य झालं. मला याचा मनापासून अभिमान वाटतो. विज्ञानाचं भाषांतर करताना कृपया सरसकट ‘युग’ लिहू नका.