शाळेची वाट

शाळेचें शिक्षण पहिल्या घंटेस सुरू होतें व शेवटच्या घंटेस संपतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु घराचा उंबरठा आणि शाळेचें फाटक ह्यांच्यामध्यें जी वाट आहे, ती विद्यार्थी रोज दोन वेळां तुडवितो. आणि तेथें बहुधा शिक्षकही नसतात व आई-बापही नसतात. वर्षाचे दोनशें वीस दिवस शाळा भरते असें धरलें, तर दहा वर्षांत एका मुलाच्या ४,४०० खेपा होतात. इतक्या खेपांपैकीं एकच वांकडी गेली, तरी बाकीच्या सर्व व्यर्थ होतात. म्हणून ह्या वाटेचा विचार गणित-भूगोलाइतक्याच पद्धतशीरपणें झाला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. प्रस्तुत लेखांत तो विद्यार्थी व पालक ह्या उभयतांसाठीं करण्याचें योजिलें आहे.

महाराष्ट्रांत तर शाळेच्या वाटेला इतिहास आहे. १८४८ सालीं पुण्यास भिडे वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं मुलींची शाळा काढली. तेथें शिकवावयास जातांना लोक सावित्रीबाईंच्या अंगावर शेण व चिखल फेंकीत, म्हणून त्या एक जास्त लुगडें बरोबर नेत, ही कथा आमच्या वाचकांस ठाऊकच असेल. तिच्यांतील एका मर्माकडे मात्र आपलें फारसें लक्ष जात नाहीं. ज्यांना शाळा नको होती, त्यांनीं वाट अडविली. वाट बंद झाली कीं शाळा आपोआप बंद पडते, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. आजही रस्ता भीतीचा झाला, म्हणजे सर्वांत आधीं घरांतील मुलीची शाळा सुटते. तेव्हां वाट सुरक्षित ठेवणें म्हणजे केवळ अपघात टाळणें नव्हे; शाळेचें दार सर्वांस उघडें ठेवणें होय.

वेगाचें गणित

प्रथम रस्त्याकडे वळूं. ताशीं ३० किलोमीटर वेगानें येणारी गाडी एका सेकंदांत सुमारें ८ मीटर पुढें जाते. चालकानें मूल पाहणें, मनाशीं निश्चय करणें व ब्रेक दाबणें ह्यांतच सुमारें एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वींच गाडी ८ मीटर पुढें आलेली असते. नंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर तिला थांबावयास आणखी सुमारें ५ मीटर लागतात. एकूण अंतर १३ मीटर झालें. आतां तीच गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें येत आहे असें समजा. पहिल्या सेकंदांत ती १७ मीटर जाईल व ब्रेक लागल्यावर आणखी सुमारें २० मीटर. एकूण ३७ मीटर. वेग दुप्पट झाला, पण ब्रेक लागल्यानंतरचें अंतर चौपट झालें. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें वरच्या इयत्तांतील विद्यार्थी शिकलेच आहेत.

ह्या आंकड्यांचा अर्थ असा. गाडीपुढें २० मीटरांवर एखादें मूल एकाएकीं रस्त्यांत आलें, तर पहिली गाडी त्याच्या अलीकडे सात मीटरांवर उभी राहते. दुसऱ्या गाडीचा ब्रेक तोंवर नुकताच लागत असतो, आणि ती ताशीं पन्नासांहून अधिक वेगानें त्या मुलावर जाऊन आदळते. चालक कितीही कुशल व दयाळू असला, तरी त्याला हा हिशेब बदलतां येत नाहीं. रस्ता पावसानें भिजलेला असला, तर ब्रेकचें अंतर आणखी वाढतें. ‘गाडीवाला थांबेल’ ह्या भरंवशावर पाऊल टाकणारा विद्यार्थी चालकाच्या चांगुलपणावर विसंबत नाहीं. तो निसर्गनियमाशीं पैज लावतो.

ह्यावरून कांहीं नियम सहज निघतात. आपल्या देशांत वाहनें डाव्या बाजूनें चालतात. म्हणून रस्त्यांत पाऊल टाकतांच प्रथम धोका येतो तो उजवीकडून. यास्तव आधीं उजवीकडे, मग डावीकडे व पुन्हां एकदां उजवीकडे पाहून सरळ रेषेंत रस्ता ओलांडावा, धांवूं नये. पदपथ नसेल तेथें रस्त्याच्या उजव्या कडेनें चालावें, म्हणजे समोरून येणारें वाहन आपणांस दिसतें. डाव्या कडेनें चालणाऱ्याच्या पाठीमागून काय येत आहे, तें त्याला कळत नाहीं. उभ्या असलेल्या दोन मोटारींच्या फटींतून रस्त्यावर येऊं नये. लहान मुलाची उंची मोटारीच्या टपापर्यंतही पोंचत नाहीं, म्हणून तें चालकास दिसतच नाहीं. कानांत गाण्याची यंत्रें घालून किंवा हातांतील मोबाईलकडे पाहत चालणाऱ्यानें तर आपले दोन मोठे पहारेकरी, कान व डोळे, स्वतःच्या हातानें रजेवर पाठविलेले असतात.

पालकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. सहा-सात वर्षांच्या मुलास गाडी दिसते, पण तिचा वेग किती व ती किती वेळांत येऊन पोंचेल, हें त्याला नीट ओळखतां येत नाहीं. हा त्याच्या वयाचा धर्म होय. त्यास रागावून तो बदलत नाहीं. इतक्या लहान मुलाचा हात मोठ्यांनींच धरला पाहिजे, आणि हात धरलेला असतां नियम शिकविला पाहिजे. जो बाप मुलाचा हात धरून लाल दिव्यापुढें थांबत नाहीं, त्यानें हजार उपदेश केले तरी मूल त्याच्या पायांचें अनुकरण करील, जिभेचें नव्हे.

शाळेचें फाटक

सर्व वाटेंत अधिक धोक्याची जागा कोणती, असें विचारलें, तर पुष्कळ ठिकाणीं शाळेचें फाटक हेंच उत्तर द्यावें लागेल. शेंकडों मुलें एकाच वेळीं बाहेर पडतात, आणि त्यांना न्यावयास आलेल्या दुचाक्या, रिक्षा व मोटारी तेथेंच दाटी करतात. आपल्या मुलास चार पावलें कमी चालावें लागावें म्हणून पालक गाडी थेट फाटकाशीं आणतात, आणि दुसऱ्याच्या मुलाची वाट धोक्याची करतात. तो दुसराही तसेंच करीत असल्यामुळें शेवटीं कोणाचेंच मूल सुरक्षित राहत नाहीं.

ह्यावर इतर देशांत विद्यार्थ्यांच्या साह्यानेंच उपाय निघाला. अमेरिकेंतील सेंट पॉल शहरीं कॅथेड्रल स्कूल ह्या कॅथोलिक शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर कार्मेला ह्यांनीं १९२१ सालीं वरच्या वर्गांतील मुलांचें एक पथक रस्त्याच्या कडेस उभें केलें. लहान मुलांस थांबवून ठेवावें व रस्ता मोकळा झाला म्हणजे पाठवावें, एवढेंच त्यांचें काम. इंग्लंडांत बाथ शहरीं १९३७ सालीं शाळेजवळ मुलांना रस्ता ओलांडून देण्याकरितां एका बाईची नेमणूक झाली, आणि १९५३ सालीं तेथें ह्या कामासाठीं कायदाच झाला. आपल्याकडेही कित्येक शाळांत ‘आर. एस. पी.’ ह्या नांवानें विद्यार्थ्यांचें रस्ता सुरक्षा पथक असतें. त्याचा गणवेश संचलनापुरताच कपाटांतून न निघतां शाळा सुटतांना रोज दहा मिनिटें फाटकाशीं दिसावा, अशी आमची इच्छा आहे. पालकांनीं गाडी फाटकापासून शंभर पावलें दूर उभी केली, आणि लहान वर्ग मोठ्यांच्या आधीं दहा मिनिटें सोडले, तर एक पैही खर्च न होतां निम्मी गर्दी कमी होईल.

वाहनांतील वाट

शाळेची बस पिवळी कां असते, हा प्रश्न पुष्कळ मुलें विचारतात. १९३९ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत फ्रँक सायर ह्यांनीं एक परिषद भरविली. पहांटेच्या व संध्याकाळच्या अंधुक उजेडांतही गाडी चटकन् नजरेस यावी व तीवरील काळीं अक्षरें स्पष्ट वाचतां यावींत, म्हणून हा रंग तेथें ठरला. आपल्या देशांत नियमांना गति मिळाली ती फार मोठी किंमत दिल्यानंतर. १९९७ च्या नोव्हेंबरांत दिल्लीस शाळेची बस यमुनेंत कोसळून २८ मुलें बुडालीं. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें बसचा पिवळा रंग, खिडक्यांस आडवे गज, दारांस भक्कम कड्या, प्रथमोपचाराची पेटी, अग्निशामक, वेगनियंत्रक व बरोबर एक जाणता मदतनीस इत्यादि गोष्टी आवश्यक ठरविल्या. महाराष्ट्रांत २०११ सालीं शालेय बसविषयीं स्वतंत्र नियम झाले, व त्यांअन्वयें प्रत्येक शाळेंत परिवहन समिति असावयास पाहिजे. तींत पालकांचाही प्रतिनिधि असतो. त्या समितीची सभा शेवटीं कधीं भरली, हें विचारण्याचा प्रत्येक पालकास अधिकार आहे. नव्हे, तें त्याचें कर्तव्यच आहे. बसमधून उतरल्यावर विद्यार्थ्यानें बस निघून जाईपर्यंत कडेस थांबावें. बसच्या आडून रस्ता ओलांडणें हा सर्वांत घातक प्रकार होय.

दुचाकीसंबंधीं कायदा स्पष्ट आहे. चालकाच्या मागें एकच मनुष्य बसूं शकतो, आणि चार वर्षांवरील प्रत्येकास शिरस्त्राण आवश्यक आहे. बापाच्या डोक्यावर शिरस्त्राण व पुढें-मागें बसलेल्या दोन मुलांचीं डोकीं उघडीं, हें दृश्य आपण रोज पाहतों. जणूं घरांत एकाच मस्तकाला किंमत आहे! तसेंच अठरा वर्षांच्या आंत मोटारसायकल चालविण्याची परवानगी नाहीं. अपवाद फक्त ५० घन सेंटिमीटरांपर्यंतच्या एंजिनाचा, व तोही सोळा वर्षांनंतर. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयी मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. पण आम्ही कायद्याच्या भीतीनें हें सांगत नाहीं. लाडानें दिलेली किल्ली परत मागतां येते. तिनें नेलेला मुलगा परत मागतां येत नाहीं.

पावसाळ्यांतील ओढा

खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलांचा शत्रु मोटार नसून बहुधा ओढा असतो. घोट्याच्या थोडें वरपर्यंत, म्हणजे अर्ध्या फुटाइतकें पाणी जोरानें वाहत असेल, तर मोठ्या माणसाचाही पाय निसटूं शकतो. गढूळ पाण्याखालीं खड्डा आहे कीं खडक, हें दिसत नाहीं. शिवाय डोंगरावर पाऊस पडून ओढ्यास एकाएकीं लोंढा येतो, आणि गांवांत तेव्हां ऊनही पडलेलें असूं शकतें. साकवावरून पाणी वाहूं लागलें असतां अलीकडेच थांबावें. त्या दिवशीं गैरहजेरी लागली तरी चालेल. शिक्षकांनींही अशा गैरहजेरीबद्दल विद्यार्थ्यास कधीं दोष देऊं नये. कारण शिक्षेच्या भयानें पाण्यांत उतरलेल्या मुलाचा जाब हजेरीपट देऊं शकत नाहीं.

न बोललेली भीति

आतां एका नाजूक विषयाकडे वळणें भाग आहे. वाटेवर पाठलाग करणारे, अचकट-विचकट बोलणारे, खाऊचें वा गाडींत बसविण्याचें आमिष दाखविणारे लोक असतात. मुलामुलींनीं शक्य तों दोघां-तिघांच्या सोबतीनें यावें. अनोळखी माणसाबरोबर, व घरून निरोप नसतां ओळखीच्या माणसाबरोबरही जाऊं नये. धोका वाटतांच मोठ्यानें ओरडून जवळच्या दुकानांत वा घरांत शिरावें. मुलांच्या मदतीसाठीं १०९८ व कोणत्याही संकटासाठीं ११२ हे दूरध्वनि क्रमांक प्रत्येकास तोंडपाठ असावेत.

परंतु ह्याहून महत्त्वाची गोष्ट पालकांच्या हातीं आहे. पुष्कळ मुली वाटेवरील त्रास घरीं सांगत नाहींत. कारण सांगितल्यावर त्रास देणाराचें कांहीं होत नाहीं, आपली शाळा मात्र बंद होते, हें त्यांनीं शेजारच्या घरीं पाहिलेलें असतें. जी निरपराध तिलाच शिक्षा, असा हा उलटा न्याय आहे. ‘तूं सांगितलेंस तें फार चांगलें केलेंस, शाळा सुटणार नाहीं,’ एवढें वाक्य आईनें किंवा वडिलांनीं आधींच सांगून ठेवावें. त्या वाक्यांत जें संरक्षण आहे, तें कुलपांत नाहीं.

वाटेवरचा शेजारी

शेवटीं, दुसऱ्यावर प्रसंग आला असतां आपण काय करावें? यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर घायाळ पडलेल्या वाटसरूची व त्यास उचलून नेणाऱ्या शोमरोन्याची प्रभु येशूनें सांगितलेली गोष्ट आपण ऐकली आहे. तींतही आधीं दोन प्रतिष्ठित गृहस्थ वाट बदलून निघून गेले होते. आपल्याकडे लोक निघून जात, त्यास पोलिसांच्या व कोर्टाच्या खेपांची भीति हें एक कारण होतें. आतां तें कारण उरलें नाहीं. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मदत करणाऱ्यास संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांस मान्यता दिली, आणि २०१९ सालीं तें संरक्षण मोटार वाहन कायद्यांतच घालण्यांत आलें. जखमी मनुष्यास रुग्णालयांत पोंचविणाऱ्यास स्वतःचें नांव सांगण्याचीही सक्ति नाहीं. विद्यार्थ्यांनीं मोठ्यांस हांक मारावी, १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, व जखमी मनुष्यास उगाच हलवूं नये. एवढी मदत दहा वर्षांचें मूलही करूं शकेल.

सारांश, शाळेची वाट कोणा एकाच्या मालकीची नाहीं, म्हणूनच ती सर्वांच्या जबाबदारीची आहे. ह्या आठवड्यांत प्रत्येक पालकानें एक दिवस आपल्या पाल्याबरोबर ती वाट पायीं चालावी, व कोठें थांबावें, कोठें ओलांडावें, अडचणींत कोणाचें दार ठोठवावें, हें उभयतांनीं मिळून ठरवावें. एवढा एक धडा घरोघरीं गिरविला गेला, तर हें लेखन सफल झालें असें आम्ही समजूं.