वाऱ्याने गाडी कोरडी करणारे यंत्र

पावसात भिजलेली छत्री आपण दारातच झटकतो. पुष्कळसे पाणी तिथेच गळून पडते. उरलेले मग सावकाश वाळते. आज जे यंत्र पाहायचे आहे, ते हे झटकण्याचे काम वाऱ्याकडून करून घेते.

अमेरिकेत मोटारी धुण्याच्या अशा जागा आहेत, की तिथे धुणारा नोकरच नसतो. वर छप्पर, दोन बाजूंना भिंती आणि पुढून-मागून मोकळे, असे गाळे असतात. गाडी आत उभी करायची, पेटीत नाणी टाकायची, की पाण्याची नळी ठरावीक वेळ चालू होते. आता नाण्यांऐवजी कार्डही चालते. ज्याची गाडी त्यानेच धुवायची.

धुऊन झाले, पण गाडी ओली! पाणी तसेच वाळू दिले तर त्यातले क्षार मागे राहतात आणि रंगावर पांढरे डाग पडतात. फडक्याने पुसावे, तर फडक्यात अडकलेली वाळू ओरखडे काढते. आरशामागे आणि दाराच्या फटीत दडलेले पाणी तर फडक्याला सापडतच नाही. म्हणून काही गाळ्यांत वारा फुंकणारी नळी टांगलेली असते. मोटारसायकलवाल्यांना ती फार सोयीची. इंजिनाच्या खाचांत हात शिरत नाही, वारा शिरतो.

कुणी म्हणेल, मग गरम हवाच का सोडू नये? हिशेब करून पाहू. एक लिटर पाण्याची वाफ करायला एक किलोवॉटची विजेची शेगडी जवळजवळ ४० मिनिटे चालू ठेवावी लागेल. तीसुद्धा सगळी उष्णता पाण्यालाच मिळाली तर! वाऱ्याचा झोत पाणी वाळवत बसत नाही, ते ढकलून खाली पाडतो.

लोहाराचा हाताने फिरवायचा भाता पाहिला आहे ना? आतला पंखा मधून हवा ओढतो आणि कडेला फेकतो. इथेही तसेच, फक्त पंखा मोटर फिरवते, आणि फार वेगाने फिरवते. हवा आत घेणाऱ्या तोंडाशी गाळणी लावतात. नळी आखूड बरी, कारण लांब, वळणावळणाच्या नळीत वाऱ्याचा जोर कमी होतो. नळीचे टोक फार अरुंद केले तर हवा थोडी येते, फार रुंद केले तर नुसती झुळूक.

आता खरी अडचण. खाली पाणी, माणूस ओला आणि शेजारी वीज. म्हणून चांगला कारागीर मोटर कोरड्या खोलीत किंवा भिंतीवर उंच बसवतो. गिऱ्हाइकाच्या हाती फक्त नळी येते, विजेची तार येत नाही. बटणाच्या तारेतही बहुधा २४ व्होल्टचीच वीज असते. मोटरच्या लोखंडी घराला अर्थिंग असते.

पुष्कळांना वाटते, फ्यूज आहे, मग भीती कसली? पण फ्यूज तार जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. अंगातून ०.१ अँपिअर वीज गेली तरी माणूस दगावू शकतो. ५ अँपिअरच्या फ्यूजला तेवढ्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी वेगळे यंत्र असते. आपल्याकडे वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. जितकी वीज गेली तितकी परत आली नाही, तर ते क्षणात वीज तोडते. माणसांच्या रक्षणासाठी ०.०३ अँपिअरचे बसवतात. अमेरिकेत त्याहूनही नाजूक वापरतात.

आपल्या गावात गाड्या धुण्याच्या जागी पोरे ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून पंप आणि ब्लोअर चालवतात. तुम्ही किंवा तुमचा मुलगा तिथे कामाला असेल, तर मालकाला ईएलसीबी दाखवायला सांगा. त्यावर एक छोटे बटण असते, बहुधा इंग्रजी 'टी' अक्षराचे. ते दाबले की वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर वायरमन येऊन दुरुस्त करीपर्यंत पंपाला हात लावू नका.