फेऱ्याची वाट आणि वाटाड्याची वही

‘दुरून डोंगर साजरे’ अशी आपल्यात म्हण आहे. पण आपल्या पोलादपूर तालुक्याला डोंगर दुरून बघायची सोयच नाही. आपण त्याच्या अंगाखांद्यावर वाढलो. सरपण, गुरांचा चारा, करवंदे, हिरडा हे सगळे त्यानेच दिले.

आता शहरची माणसे हा डोंगर चढायला येतात. पुण्याची येतात, मुंबईची येतात. तुम्ही म्हणाल, “गुरुजी, ही माणसं कशापायी घाम गाळतात? वर महाबळेश्वराला जायला आंबेनळी घाटाचा रस्ता आहे की!” आहे खरा. पण ज्याला बारा महिने खुर्चीत बसावे लागते, त्याला एक दिवस पाय मोकळे करावेसे वाटतात. त्याला हसू नये. त्याच्या पुढे आपल्यातलाच कोणी वाटाड्या होऊन चालतो. वाटाड्याला चार पैसे मिळतात. पण पाच-सहा जीव त्याच्या भरवशावर असतात, हे त्याने विसरू नये. आजचा धडा त्या वाटाड्यासाठी आहे, आणि त्याच्या घरच्यांसाठीही आहे.

वाट कशी आहे?

पोलादपूरहून उमरठला जावे. उमरठ म्हणजे नरवीर तानाजी मालुसऱ्यांचे गाव. तिथून पुढे ढवळे गाव लागते. ढवळ्याच्या वर चंद्रगड उभा आहे. त्याला ढवळगडही म्हणतात. हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांचा. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली.

गड पाहून माणसे ढवळे घाटाची वाट धरतात. दाट रानातून खडा चढ आहे. वाटेत बहिरीची घुमटी लागते. पुढे ‘जोरचे पाणी’ नावाचा झरा आहे. मग गाढवाचा माळ येतो, आणि शेवटी महाबळेश्वरचे आर्थर सीट हे टोक. हे टोक समुद्रापासून चार हजार फुटांहून उंच आहे. तिथून खाली पाहिले की आपल्या सावित्री नदीचे खोरे दिसते.

चढायलाच सारा दिवस जातो. म्हणून पुष्कळ जण वर मुक्काम करतात. दुसऱ्या दिवशी दाभीळ टोकाच्या वाटेने खाली दाभीळ गावाकडे उतरतात, आणि पोलादपूरला परत येतात. एका वाटेने वर, दुसऱ्या वाटेने खाली. याला आपण फेरा म्हणू.

फेऱ्यात फसगत कुठे होते?

साध्या वाटेवर माणूस थकला तर तो मागे फिरतो. जितके चाललो तितकेच परत यायचे, हा हिशेब सोपा आहे. फेऱ्याचे तसे नाही. निम्मी वाट सरली की मागे जाणे आणि पुढे जाणे सारखेच लांब. मग माणूस म्हणतो, “आता मागं कशाला? पुढंच जाऊ.” पाणी संपलेले असते. पायात गोळे आलेले असतात. सूर्य कलतो. तरी तो पुढेच जातो, आणि रानात अंधार गाठतो.

म्हणून मागे फिरायची जागा आणि वेळ निघतानाच ठरवावी. समजा, वाटाड्याने सांगितले, “दुपारी १२ पर्यंत बहिरीच्या घुमटीला पोचलो तर पुढे. नाही पोचलो तर परत ढवळ्याला.” मग १२ वाजता कोणाचे काही ऐकू नये. शहरचा पाहुणा म्हणेल, “दादा, जादा पैसे देतो, पण चला.” वाटाड्याने हात जोडून सांगावे, “साहेब, डोंगर उद्याही इथंच आहे.” असे बोलल्याने वाटाड्याची पत जात नाही, उलट वाढते.

उतार सोपा नसतो

चढताना छाती भरते, तर उतरताना गुडघे थरथरतात. चढताना नजर पायापुढच्या दगडावर असते. उतरताना ती खोल दरीकडे जाते. मुरमाच्या घसाऱ्यावर आणि वाळलेल्या गवतावरून पाय सटकतो. उतरायला कमी वेळ लागेल असे धरून चालू नये. चढायला लागतो तेवढाच वेळ उतरायलाही हाताशी ठेवावा. वाटाड्याने पुढे राहावे आणि एका जाणत्या माणसाला शेवटी ठेवावे. मधले माणूस नजरेआड होऊ देऊ नये.

माणशी निदान तीन-चार लिटर पाणी घ्यावे. कड्याला आग्या माशांची पोळी असतात. तिथे विडी ओढू नये, धूर करू नये, आरडाओरडा करू नये. अत्तर लावून जाऊ नये.

पावसाळ्यात बेत नको

महाबळेश्वराच्या माथ्यावर वर्षाला २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. ते पाणी आपल्याच अंगावर येते. वर ढग फुटला की खालचा कोरडा ओढा घटकेत भरतो. दगड सुटतात. २२ जुलै २०२१ रोजी काय झाले ते आपण विसरलो नाही. महाड तालुक्यात तळिये आणि आपल्या तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी इथे दरडी कोसळल्या. घरे गाडली गेली, माणसे गेली. अशा दिवसांत पाहुण्याला नाही म्हणणे हेच त्याचे आदरातिथ्य.

२८ जुलै २०१८ चा दिवसही आठवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या माणसांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. ३० जण गेले. वाचलेला एकच माणूस दरीतून वर आला, तेव्हा जगाला खबर कळली. पोलादपूर-महाबळेश्वरकडचे डोंगर जाणणारे तरुण दोर लावून खाली उतरले. बस कुठे पडली हे कळल्यावरच त्यांना उतरता आले. खबर नसेल तर धाडस असूनही हात बांधलेले राहतात.

वाटाड्याची वही

आता मुख्य गोष्ट सांगतो. ढवळे एका खोऱ्यात आहे, दाभीळ दुसऱ्या खोऱ्यात. फेऱ्याला गेलेली माणसे रात्र झाली तरी आली नाहीत, तर शोधायचे कुठे? ढवळ्याच्या रानात की दाभीळच्या उतारावर? चुकीच्या खोऱ्यात माणसे धाडली तर सारी रात्र वाया जाते. जखमी माणसाला रात्रीचा एकेक तास मोलाचा असतो. रानात मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही.

म्हणून निघण्याआधी वहीत लिहावे, आणि वही घरी ठेवावी. ती अशी :

तारीख : ७ डिसेंबर
माणसे : ६ (पुरुष ४, बाया २)
निघालो : ढवळे, पहाटे ६
मागे फिरायची जागा व वेळ : बहिरीची घुमटी, दुपारी १२
मुक्काम : वर, महाबळेश्वर
उतरणार : दाभीळ, उद्या दुपारी ३
उद्या ६ पर्यंत न आल्यास : ११२ ला फोन करावा

एवढ्या सात ओळी. काल-परवापर्यंत अंगठा उठवणाऱ्या हाताला आता त्या लिहिता येतात. घरच्या माउलीला वाचता येतात. संध्याकाळचे ६ वाजले की ती वही उघडील. मदतीला आलेल्यांना ती नेमके सांगेल, “दाभीळच्या बाजूनं बघा. सहा माणसं आहेत.”

आणखी एक काम करा. आपल्या आजा-पणजाला या घाटवाटा तोंडपाठ होत्या. पाणी कुठे, वाट कुठे फुटते, कुठला ओढा पावसात अडवतो, हे त्यांच्या पायांना ठाऊक होते. गाडीरस्ता झाला, पोरे मुंबईला गेली, आणि वाटा मोडत चालल्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. ते सांगतील ते वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घ्या. ती माणसे आहेत तोवरच हे होईल.

ध्यानात ठेवा

मदतीसाठी ११२. रुग्णवाहिकेसाठी १०८.

प्रश्न

१. फेऱ्याच्या वाटेवर मागे फिरायची वेळ आधी का ठरवावी?
२. उतरताना कोणती काळजी घ्यावी?
३. वही बरोबर न नेता घरी का ठेवावी?
४. तुमच्या गावाहून निघणाऱ्या एका वाटेची नोंद वर दाखवल्याप्रमाणे वहीत लिहा. घरच्या माणसाकडून ती मोठ्याने वाचून घ्या.