संगणकाचा भार आणि स्वराची वेळ

1957 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम 704 या संगणकाकडून सतरा सेकंदांची एक रचना वाजवून घेतली, तेव्हा संगणकाला कसलीही घाई नव्हती. ध्वनिलहरीची उंची दर्शविणाऱ्या संख्या त्याने सावकाश काढाव्यात, त्या चुंबकीय फितीवर नोंदल्या जाव्यात आणि मागाहून त्यांचे ध्वनीत रूपांतर व्हावे, असा तो क्रम होता. आज तेच काम तळहातावर मावणारा, एकाच फलकावर मांडलेला संगणक करतो. मात्र समोर वादक बसलेला असतो. त्याने पट्टी दाबली की स्वर तत्क्षणी उमटला पाहिजे. संगणकाची शक्ती वाढली, पण त्याची सवड गेली.

अशा छोट्या संगणकांपैकी सर्वांत परिचित म्हणजे फेब्रुवारी 2012 मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आलेला रास्पबेरी पाय. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रोसेसरची गती सेकंदाला 70 कोटी स्पंदने इतकी होती. आकडा प्रचंड वाटतो. परंतु त्याची वाटणी करून पाहावी. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीसाठी सेकंदाला 44,100 नमुने, म्हणजे लहरीच्या उंचीची तितकी मापे, लागतात. एका नमुन्याच्या वाट्याला सुमारे 15,870 स्पंदने येतात. 1983 साली यामाहा कंपनीने आणलेल्या डीएक्स 7 या वाद्याची हुबेहूब नक्कल करावयाची तर एकाच वेळी सोळा स्वर व प्रत्येक स्वरामागे सहा आंदोलक, असे 96 आंदोलक चालवावे लागतात. एकेका आंदोलकासाठी उरतात जेमतेम 165 स्पंदने, आणि संगणकाची इतर सर्व कामेही त्यांतूनच उरकायची असतात. मूळ वाद्यात या कामासाठी खास घडविलेली मंडले होती. शिवाय लॉगॅरिथमची कोष्टके वापरून गुणाकाराच्या जागी बेरजेवर भागविण्याची युक्तीही होती.

ही गणना नमुन्यागणिक केली जात नाही. नमुन्यांचा एक खंड, ज्याला बफर म्हणतात, एकदम भरून पुढे पाठविला जातो. रहाटाची गाडगी डोळ्यांसमोर आणली म्हणजे ही व्यवस्था ध्यानात येईल. प्रत्येक गाडगे वर येण्यापूर्वी भरलेले असलेच पाहिजे. सेकंदाला 48,000 नमुने असताना 64 नमुन्यांचे गाडगे 1.33 मिलिसेकंदांत भरावे लागते. 1,024 नमुन्यांच्या गाडग्यास 21 मिलिसेकंद मिळतात. मोठे गाडगे प्रोसेसरला सोयीचे, पण तितकाच स्वर बोटामागे रेंगाळतो. अर्थात या विलंबाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. ध्वनी हवेतून मिलिसेकंदाला सुमारे 34 सेंटिमीटर जातो; तीन मीटरवरील ध्वनिक्षेपकाचा आवाज वादकाला एरवीही नऊ मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो.

गाडगे रिकामे आले की ‘कट्’ असा आवाज होतो. येथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. पडद्यावरील भारमापक चाळीस टक्के दाखवीत असताना आवाज तुटावा कसा? हे मापक बहुधा सेकंदाभराची सरासरी सांगते. त्या सेकंदात 64 नमुन्यांचे 750 खंड होऊन गेलेले असतात. त्यांतील एकाला उशीर झाला तर सरासरी हलत नाही, आणि कानाला मात्र तोच एक खंड कळतो. दुसरी फसगत गतीची. काम हलके असेल तेव्हा प्रोसेसर वीज वाचविण्यासाठी आपली गती कमी करतो. 2019 च्या चौथ्या आवृत्तीची पूर्ण गती सेकंदाला 150 कोटी स्पंदने असली तरी विसाव्यात ती 60 कोटींवर उतरते. अशा वेळी दिसणारे साठ टक्के हे कशाचे साठ टक्के, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. म्हणून वादनासाठी गती वरच्या पातळीवर स्थिर ठेवतात. मग उष्णता वाढते. तापमान 80 अंश सेल्सियसच्या घरात गेले की प्रोसेसर स्वतःच गती कमी करतो आणि दहा मिनिटे निर्वेध चाललेले वादन अकराव्या मिनिटाला अडखळू शकते.

सर्वांत विलक्षण प्रकार शांततेचा आहे. घुमाऱ्याच्या परिणामात प्रत्येक फेरीला मागील आवाज थोडा क्षीण करून पुन्हा मिसळला जातो. वादकाने हात उचलला, ऐकणाऱ्याच्या लेखी आवाज संपला. गणितात मात्र तो लहान लहान होत उरतोच. साधारणतः एकावर अडतीस शून्ये देऊन येणाऱ्या संख्येने एकास भागल्यावर जे उरेल, त्याहूनही लहान संख्या आल्या की काही प्रोसेसरांना त्या नेहमीच्या मार्गाने हाताळता येत नाहीत आणि एकेका गुणाकाराला अनेक पट वेळ लागू लागतो. कोणी काही वाजवीत नसताना भार चढतो तो यामुळे. उपाय सोपा आहे: अशा संख्यांना सरळ शून्य मानण्याची आज्ञा प्रोसेसरला देणे, अथवा कानाला न कळेल इतका अल्प गोंगाट मिसळणे.

डीएक्स 7 ची नक्कल करणाऱ्या मिनीडेक्स्ड या आज्ञावलीने निराळा मार्ग पत्करला. ती कार्यप्रणालीशिवाय, थेट फलकावर चालते. त्यामुळे मध्येच दुसरे काम उपटण्याचा प्रश्नच राहत नाही. पहिल्या पिढीच्या, एकच गाभा असलेल्या फलकावर तिच्यातून एक डीएक्स 7 वाजतो. 2015 साली आलेल्या, चार गाभ्यांच्या दुसऱ्या आवृत्तीपासून आठ वाजतात. गाभे चौपट आणि गती 70 कोटींवरून 90 कोटींवर, एवढाच हिशेब केला तर उत्तर पाचाच्या आसपास येते. पण एका स्पंदनात किती काम उरकते हेही प्रत्येक प्रोसेसरागणिक बदलते. म्हणूनच केवळ गतीचा आकडा वाचून फलक निवडण्याऐवजी, हवे ते सर्व स्वर एकदम दाबून, घुमारा चालू ठेवून आणि फलक चांगला तापू देऊन तो अर्धा तास ऐकणे इष्ट ठरते.