जर्मनीत नोकरी मिळेल, पण दुकान?

2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला. तेव्हापासून लालबाग-परळची आयटीआयवाली मुलं विचारतात, "सर, इलेक्ट्रिशियन म्हणून जाऊ का?" जा की! माणसं हवीच आहेत तिकडे. फक्त आधी जर्मन शिका. काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन आहेच.

पण पुढे तिथेच स्वतःचा धंदा टाकायचाय? मग थांबा. गिरगावात सलून टाकताना परीक्षेचं सर्टिफिकेट कोण विचारतं? तिकडे वायरिंग, प्लंबिंग, अगदी सलूनलासुद्धा सहसा 'माइस्टर' परीक्षा पास झालेला माणूस लागतो. तुम्ही स्वतः नसाल, तर तसा माणूस नोकरीवर ठेवता येतो. त्याचा पगार मात्र पहिल्या दिवसापासून खर्चात धरा.