पैसा खात्यापर्यंत कसा पोहोचतो?

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. या क्रमांकांची व बोटांच्या ठशांची नोंद जेथे ठेवतात, त्यांपैकी एक केंद्र तेथून शेकडो मैल दूर, हरियाणातील मानेसर येथे आहे, दुसरे बंगळूरला. मानेसर मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. आपले ठसे तेथे असतील, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

प्रथम क्रमांक पाहू. त्याचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. हा खटाटोप कशाला? ४७१३ हा आकडा घाईत ४१७३ असा लिहिला, तरी अंकांची बेरीज १५च भरते. साध्या बेरजेला ही चूक सापडत नाही. आधारसाठी याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाची १९६९ सालची रीत योजिली आहे. तीत एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर चूक हटकून उघडी पडते. मात्र बिनचूक लिहिलेला क्रमांक भलत्याचाच असेल, तर गणित मुकाट राहते!

१ जानेवारी २०१३ पासून शासकीय साहाय्य थेट खात्यात जमा करण्याची योजना टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आधारच्या मार्गाने पैसे धाडताना खात्याचा क्रमांक लागतच नाही. आधार क्रमांक आणि रक्कम एवढे पुरते. भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळाच्या तक्त्यात त्या क्रमांकापुढे एकाच बँकेचे नाव असते, ते म्हणजे आधार जिच्याशी शेवटी जोडला गेला तिचे. ती बँक रक्कम आपल्याकडील जोडलेल्या खात्यात भरते. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये सुरू झाले. अर्जासोबत नवे पासबुक जोडले, पण आधार जुन्या खात्याशीच राहिला, अशा बाईने नव्या खात्यात कितीही वेळा चौकशी केली तरी तेथे काही सापडणार नाही. तिने विचारावयाचा प्रश्न ‘पैसे आले का?’ हा नसून ‘माझा आधार कोणत्या बँकेशी जोडला आहे?’ हा होय.

पैसे जमा होण्यास ठसा लागत नाही. तो लागतो बँक मित्राच्या यंत्रावर पैसे काढताना. ठसा जुळला की नाही, एवढेच उत्तर केंद्राकडून येते. मातीकामाने वा वयोमानाने बोटांवरील रेषा झिजल्या, की खरा मालक समोर उभा असूनही उत्तर ‘नाही’ येऊ शकते. अशा वेळी दुसरे बोट लावून पाहावे. तेही न जुळल्यास पासबुक घेऊन शाखेत जावे व पैसे काढण्याची चिठ्ठी भरावी.